दुखण्याची फाईल

पाळीच्या पहिल्या दिवशी ओटीपोटात कळा येतात, एखादी गोळी घेतली की थांबतात, दुसऱ्या दिवशी मुलगी कॉलेजला जाते. हे नेहमीचं दुखणं. पाळी यायच्या दोन-तीन दिवस आधीच कंबर आणि पोट धरतं, पाळीत संडासला बसलं की डोळ्यांत पाणी येतं, दोन वर्षांपूर्वी एका गोळीत भागायचं तिथे आता चार लागतात, आणि दर महिन्याला शाळेचे, ऑफिसचे किंवा शेतातल्या कामाचे खाडे होतात. हे नेहमीचं नाही. "बाईच्या जातीला हे असायचंच" असं घरातलं कुणी वडीलधारं म्हणालं, तरीही नाही.

अशा दुखण्यामागे अनेकदा एंडोमेट्रिओसिस असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पाळी येण्याच्या वयातल्या साधारण १० टक्के स्त्रियांना, म्हणजे जगभरात सुमारे १९ कोटी जणींना हा आजार आहे. पहिल्या तक्रारीपासून निदान होईपर्यंत सरासरी ४ ते १२ वर्षं जातात, असंही हीच संघटना सांगते. आजार मुळापासून बरा करणारं औषध आज तरी नाही, हे आधीच सांगून टाकते. तरी बहुतेक जणींना दुखणं आटोक्यात ठेवून नीट जगता येतं. त्यासाठी योग्य डॉक्टर लागतो. आणि योग्य डॉक्टरपर्यंत पोचायला, आणि पोचल्यावर त्याच्याकडून योग्य उत्तर मिळवायला, स्वतःच्या हाताने ठेवलेल्या नोंदींइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच होत नाही असं माझं मत आहे.

आजार थोडक्यात असा. गर्भाशयाला आतून जे अस्तर असतं तशाच पेशी गर्भाशयाच्या बाहेर रुजतात: पोटाच्या आतल्या आवरणावर, अंडाशयांवर, गर्भाशय आणि गुदाशय यांच्यामधल्या खोबणीत, मूत्राशयावर, आतड्यावर. पाळीच्या चक्रातली हार्मोन्स त्यांनाही चेतवतात. त्यामुळे तिथे सूज येते, व्रण होतात, शेजारचे अवयव एकमेकांना चिकटतात. अंडाशयात असं जुनं रक्त साठून झालेल्या गाठीला डॉक्टर 'चॉकलेट सिस्ट' म्हणतात. पाळीचं थोडं रक्त बीजनलिकांमधून उलट पोटात जातं आणि तिथे या पेशी रुजतात, असं जॉन सॅम्पसन या अमेरिकन डॉक्टरने १९२७ मध्ये मांडलं. पण रक्त असं उलट जाणं बहुतेक सगळ्याच स्त्रियांमध्ये घडतं आणि आजार होतो तो दहातल्या एकीला. म्हणजे आनुवंशिकता, प्रतिकारशक्ती अशा आणखीही गोष्टी यात असणार. पाळीत थंड खाल्लं, केस धुतले, जड उचललं, वय उलटून गेलं तरी लग्न केलं नाही, यातल्या कशानेही हा आजार होत नाही.

डॉक्टर आजाराच्या पहिली ते चौथी अशा पायऱ्या सांगतात. त्या पायऱ्या आजार किती आणि कुठे पसरला आहे ते मोजतात, दुखणं मोजत नाहीत. पहिल्या पायरीवरची मुलगी गडाबडा लोळत असते आणि चौथ्या पायरीवरच्या बाईला मूल राहत नाही म्हणून तपासणी केल्यावरच आजाराचा पत्ता लागतो, असं सर्रास घडतं. रिपोर्टवर 'मिनिमल' शब्द दिसला म्हणून नवऱ्याने किंवा सासूने "बघ, काही विशेष नाही" म्हणायचं कारण नाही.

निदान लांबतं त्याला घर आणि दवाखाना दोन्ही जबाबदार आहेत. "मलाही असंच दुखायचं, बाळंतपणानंतर थांबलं" असं आई समजूत घालायला म्हणते. प्रत्यक्षात ही डॉक्टरांना आवर्जून सांगायची गोष्ट आहे, कारण आईला किंवा सख्ख्या बहिणीला हा आजार असेल तर मुलीला तो असण्याची शक्यता बरीच वाढते. दवाखान्यात वेगळा घोळ होतो. पोट फुगतं, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ, म्हणून पोटाचे डॉक्टर आतड्याच्या विकाराची औषधं देतात. लघवीला जळजळ म्हणून अँटिबायोटिक दिलं जातं, लघवीच्या कल्चरमध्ये जंतू सापडत नाहीत तरीही. कंबरदुखीसाठी एक्स-रे होतो. प्रत्येक डॉक्टर आपापल्या जागी चुकीचा नसतो. फक्त या सगळ्या तक्रारी पाळीच्या तारखांशी जुळतात का, हे कुणी पाहिलेलं नसतं. ते तुम्हीच पाहून दाखवायचं आहे.

नोंद कशी ठेवावी

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर पाळीच्या तारखेला खूण करायची सवय बऱ्याच घरांत आहे. त्याच चौकटीत आणखी एक आकडा लिहा: दुखणं शून्य ते दहापैकी किती. घरातल्या सगळ्यांनी वाचावं असं वाटत नसेल तर वही करा किंवा मोबाइलमध्ये लिहा. पाळीच्या दिवसांपुरतंच नको, मधल्या दिवसांचंही लिहा. कुठे दुखलं, कुठली गोळी किती वाजता घेतली, तिने फरक पडला का. संडासला, लघवीला किंवा संबंधाच्या वेळी दुखलं का. रक्त कुठे दिसलं. खांद्यात कळ आली, सिझेरियनच्या टाक्यांजवळ गाठ येऊन ती पाळीत सुजली, असलं काही विचित्र वाटणारंही लिहा. या दोन्ही गोष्टी एंडोमेट्रिओसिसमध्ये खरंच होतात. टाक्यांजवळची गाठ पुष्कळदा 'टाका पिकला' म्हणून वर्षानुवर्षं दुर्लक्षित राहते.

आकड्यापेक्षाही महत्त्वाचा रकाना म्हणजे त्या दिवशी काय करता आलं नाही. आकडा ज्याचा त्याचा असतो. सहन करायची सवय लागलेली बाई मरणाच्या कळांनाही सहाच म्हणते. पण "भाकऱ्या थापायला उभं राहता आलं नाही", "लोकलमधून उतरून बाकावर बसून राहिले", "प्रॅक्टिकल बुडलं" हे कुठल्याही डॉक्टरला लगेच कळतं. दोन-तीन पाळ्यांची अशी नोंद झाली की तिच्यातून पाच ओळींचा सारांश काढून वेगळ्या कागदावर लिहा. ओपीडीत तुमच्या वाट्याला मोजकी मिनिटं येतात आणि त्यात रडू आलं तर बोलायचं राहूनच जातं. "खूप दुखतं हो" यावर डॉक्टर गोळी लिहून देतात. "गेल्या चार पाळ्यांत मिळून सात दिवस कामावर जाता आलं नाही, पाळीत दिवसाला तीन गोळ्या लागतात, संडासला जाताना आत खोल कळ येते, आणि आता पाळी नसतानाही डावीकडे दुखतं" यावर डॉक्टर पुढचा प्रश्न विचारतात.

हा कागद फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवा. त्याखाली आतापर्यंतच्या सोनोग्राफी तारखेप्रमाणे, फक्त रिपोर्ट नव्हे, फिल्म किंवा सीडीसुद्धा. आधी ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्डावर भागवू नका. ऑपरेशनची सविस्तर नोंद आणि काढलेल्या तुकड्याचा बायॉप्सी रिपोर्ट मागून घ्या. दुर्बिणीच्या ऑपरेशनचं रेकॉर्डिंग केलं असेल तर तेही मागा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत त्याची कागदपत्रं द्यावी लागतात. मागताना संकोच वाटतो, खरं आहे. पण दुसऱ्या डॉक्टरला पोटात पूर्वी काय दिसलं आणि काय काढलं हे कळलं नाही, तर तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो, आणि कधीकधी ती सुरुवात पुन्हा पोट उघडून होते. शेवटी औषधांची यादी: नाव, किती महिने घेतलं, का सोडलं. "हार्मोनच्या गोळ्यांनी त्रास झाला" यापेक्षा "दोन महिन्यांत वजन तीन किलो वाढलं आणि रोज थोडं थोडं अंगावरून जात होतं" हे जास्त कामाचं.

कुणाकडे जावं, काय विचारावं

सुरुवात जवळच्या स्त्रीरोगतज्ज्ञापासूनच करावी. सगळ्यांना मोठ्या शहरातल्या मोठ्या सर्जनची गरज नसते. बऱ्याच जणींचं दुखणं साध्या औषधांनी आटोक्यात येतं आणि ती कुठलाही समंजस स्त्रीरोगतज्ज्ञ देऊ शकतो. समंजस हा शब्द मुद्दाम वापरला आहे. तुमचं बोलणं ऐकून घेतो का, एंडोमेट्रिओसिसचं नाव तुम्ही काढल्यावर चिडतो का, औषधाचा उपयोग झाला नाही तर पुढे काय हे सांगतो का, एवढं पहिल्या भेटीत कळतं. "लग्न करून टाका, आपोआप थांबेल" किंवा "एक मूल होऊ द्या" हा सल्ला मिळाला तर दुसरा डॉक्टर शोधा. युरोपातल्या मानवी प्रजनन आणि भ्रूणशास्त्र सोसायटीच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलं आहे की केवळ आजारावर उपाय म्हणून गर्भधारणेचा सल्ला देऊ नये. गरोदरपणात पाळी नसते म्हणून काहींना तेवढ्यापुरतं बरं वाटतं. दुखणाऱ्या मुलीला घाईने बोहल्यावर चढवून तिच्या दुखण्यात संबंधाच्या वेळचं दुखणं मिळवायचं, याला मी उपचार म्हणणार नाही.

आजार आतडं, मूत्राशय किंवा मूत्रवाहिनीपर्यंत गेल्याचा संशय असेल, एकदा ऑपरेशन होऊन दुखणं परत आलं असेल, किंवा दोन वेगवेगळी औषधं पुरेशा काळासाठी घेऊनही फरक नसेल, तर मात्र या आजाराचं काम नेहमी करणाऱ्या डॉक्टरकडे जावं. खासगी डॉक्टर परवडत नसतील तर वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. मुंबईत परळला केईएम आणि नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह, पुण्यात ससून, गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. तिथे रांगा लांब असतात, पण सर्जरी, युरॉलॉजी आणि रेडिओलॉजी एकाच आवारात असतात, आणि खोलवर पसरलेल्या आजारात तेच लागतं. परळलाच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) राष्ट्रीय प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्था आहे. तिने देशातल्या अनेक केंद्रांना बरोबर घेऊन या आजाराचा अभ्यास हाती घेतला आहे.

सोनोग्राफीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण बहुतेकींची गाडी इथेच अडते. भरपूर पाणी पिऊन, पोटावरून केलेल्या साध्या सोनोग्राफीत चॉकलेट सिस्ट दिसते, पण आवरणावरचे बारीक डाग आणि गुदाशयाजवळचा खोल आजार बहुधा निसटतो. म्हणून 'नॉर्मल स्टडी' एवढ्यावरून आजार नाही असं ठरत नाही. योनिमार्गातून केलेली सोनोग्राफी, या आजाराची सवय असलेल्या रेडिओलॉजिस्टने केलेली, खूप जास्त सांगते: अंडाशयं हलतात की मागे चिकटून बसली आहेत, गर्भाशय आणि आतडं एकमेकांवरून सरकतात का, वगैरे. चिठ्ठीवर नुसतं 'पेल्व्हिस' न लिहिता 'एंडोमेट्रिओसिसचा संशय' असं डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि दोन्ही मूत्रपिंडं पाहायला सांगा. मूत्रवाहिनी बाहेरून आवळली गेली तर काहीही न दुखता मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. क्वचित होतं, पण झालं की परत येत नाही. गरज पडली तर एमआरआय. पूर्वी दुर्बीण घालून पाहिल्याशिवाय निदान पक्कं मानत नसत. आता तसं नाही. तपासणीत काही दिसलं नाही किंवा औषधांनी गुण आला नाही, अशा वेळीच केवळ निदानासाठी दुर्बीण घालावी असं २०२२ च्या त्याच सूचना सांगतात. लक्षणांवरून औषध सुरू करता येतं.

अविवाहित मुलींची अडचण वेगळीच. केबिनमध्ये पहिला प्रश्न येतो, "लग्न झालंय?" डॉक्टरांना खरं तर विचारायचं असतं की शरीरसंबंध आलेले आहेत का, म्हणजे आतून तपासणी करता येईल की नाही. पण शेजारी आई बसलेली असते आणि दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच देऊन मुलगी मोकळी होते. आयांना माझी विनंती आहे की पाच मिनिटं बाहेर बसा. संबंध आलेले नसतील तर आतून सोनोग्राफी करण्याचा आग्रह कुणी धरू नये. एमआरआय करता येतो, तुमच्या संमतीने गुदमार्गातूनही सोनोग्राफी करता येते. मुलगी अठरा वर्षांची झाली की संमती तिची, आईवडिलांची नव्हे.

सीए-१२५ नावाची रक्ततपासणी केली जाते आणि आकडा ३५ च्या वर आला की घरात कॅन्सरच्या भीतीने हाहाकार होतो. एंडोमेट्रिओसिसमध्ये, फायब्रॉइडमध्ये, पोटाच्या टीबीमध्ये, अगदी साध्या पाळीतही हा आकडा वाढतो. निदानासाठी ही तपासणी उपयोगी नाही. कॅन्सरचं म्हणाल तर, एंडोमेट्रिओसिस असलेल्या स्त्रीला आयुष्यभरात अंडाशयाचा कॅन्सर होण्याची शक्यता सर्वसाधारण स्त्रीपेक्षा थोडी जास्त असते, पण तरीही ती कमीच असते. आपल्याकडे आणखी एक गोंधळ टीबीचा. गर्भाशयाचा आणि नलिकांचा टीबी भारतात खरोखरच आढळतो, त्यामुळे डॉक्टरांना शंका येणं स्वाभाविक आहे. पण सहा महिन्यांची टीबीची औषधं सुरू करण्याआधी निदान कशाच्या आधारावर केलं, बायॉप्सीत काय दिसलं, हे विचारून घ्या.

औषधं

वेदनाशामक गोळी कळ टिपेला पोचायची वाट न पाहता सुरुवातीलाच, खाऊन मग घ्यावी. कळ वाढल्यावर घेतलेली गोळी फारशी चालत नाही. मेफेनॅमिक ॲसिड असलेल्या गोळ्या आपल्याकडे मेडिकलमधून सहज आणल्या जातात. नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीय औषधसंहिता आयोगाने त्यांच्याबद्दल सावधगिरीची सूचना काढली होती: क्वचित काहींना तीव्र ॲलर्जी होते, अंगावर पुरळ, ताप, गाठी सुजणं असं दिसलं तर गोळी बंद करून डॉक्टरांकडे जायचं. घाबरून गोळी टाकून द्यायची गरज नाही. दर महिन्याला आठ-आठ दिवस रिकाम्या पोटी खायचीही नाही. अल्सर, दमा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

हार्मोनच्या औषधांचं काम म्हणजे चक्र शांत ठेवणं. गर्भनिरोधक गोळ्या, शक्यतो मधली सुट्टी न घेता. डायनोजेस्टची रोज २ मिलिग्रॅमची गोळी. किंवा गर्भाशयात बसवायची हार्मोनची तांबी, जी काही वर्षं चालते. अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेघा येत असतील, रक्ताची गुठळी झालेली असेल, उच्च रक्तदाब असेल तर गर्भनिरोधक गोळ्यांपूर्वी ते सांगायलाच हवं. डायनोजेस्टवर पहिले तीन-चार महिने मधूनमधून अंगावरून जातं. बऱ्याच जणी याच काळात गोळी सोडतात आणि "चालली नाही" म्हणतात. हे आधी माहीत असलं तर तग धरता येतो. मन फार उदास झालं तर मात्र तग धरू नका, डॉक्टरांना सांगा. आणि डायनोजेस्ट गर्भनिरोधक म्हणून मान्य नाही, तेव्हा संबंध असतील तर निरोध वापरा. गोळ्यांनी पाळी थांबली की "रक्त आत साठतंय" अशी भीती घरात घातली जाते. साठत नाही. अस्तर जाड होतच नाही, म्हणून बाहेर पडायला काही नसतं. महिन्याच्या किंवा तीन महिन्यांच्या इंजेक्शनांनी तात्पुरता पाळी जाण्यासारखा काळ आणतात. त्याने हाडं झिजतात, म्हणून ती लांबवायची असतील तर सोबत थोडं हार्मोन परत देतात. ते दिलंय का, विचारा.

हार्मोनची ही औषधं चालू असताना मुलासाठी प्रयत्न करता येत नाहीत. मूल हवं आहे आणि दुखणंही थांबायला हवं आहे, अशा वेळी दोन्ही एकदम मिळत नाही; आधी काय, हे ठरवावं लागतं. ते तुम्ही ठरवायचं.

ऑपरेशन

बागेतल्या लव्हाळ्यासारखा हा आजार आहे: वरवर खुरपला तर पुन्हा उगवतो आणि खोल खणला तर शेजारच्या मुळांनाही धक्का लागतो. ऑपरेशनच्या निर्णयात सगळ्यात अवघड गोष्ट ही आहे. म्हणून सर्जनला विचारायचे प्रश्न लिहून न्या. डाग वरून जाळणार की कापून काढणार? आतडं किंवा मूत्रवाहिनी गुंतलेली निघाली तर त्याच वेळी तिथे सर्जन, युरॉलॉजिस्ट असणार आहेत की पोट बंद करून मला दुसरीकडे पाठवणार? अशी किती ऑपरेशनं तुम्ही वर्षाला करता? चांगल्या सर्जनला या प्रश्नाचा राग येत नाही.

चॉकलेट सिस्ट काढताना तिच्याबरोबर अंडाशयाचा निरोगी भागही थोडा जातो. मूल हवं असेल तर आधी एएमएच ही रक्ततपासणी करून घ्या, म्हणजे अंडाशयात स्त्रीबीजं साधारण किती शिल्लक आहेत हे कळेल. सिस्ट दोन्हीकडे असेल किंवा एकदा काढून परत आली असेल तर हा विचार दुप्पट करा. सुई घालून फक्त पाणी काढलं तर ती पुष्कळदा परत भरते. सिस्ट आहे, पण दुखत नाही, वाढत नाही आणि संशयास्पदही दिसत नाही, अशी असेल तर ती नुसती पाहत राहणं हाही उपचारच आहे, भले त्यात काही 'केल्यासारखं' वाटत नसेल. ऑपरेशननंतर पाच वर्षांत ४० ते ५० टक्के जणींमध्ये आजार परततो, असं २००९ च्या एका आढाव्यात दिसलं होतं. लगेच मूल नको असेल तर ऑपरेशननंतर हार्मोनचं औषध चालू ठेवल्याने ही शक्यता बरीच कमी होते. "आता साफ केलंय, काही लागणार नाही" असं सांगून घरी पाठवलं तर हा प्रश्न तुम्ही काढा.

आता पिशवी काढण्याबद्दल. "मुलं झाली ना, मग पिशवी काढून टाका" हे वाक्य महाराष्ट्रात फार स्वस्त झालं आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर स्त्रियांचा प्रश्न उघड झाला, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. खाडा पडला की मुकादम पैसे कापतो आणि पाळी दर महिन्याला खाडा पाडते, हे त्यातलं साधं आणि भयंकर गणित. या सगळ्यांना एंडोमेट्रिओसिस होता असं मुळीच नाही. पण पोटात दुखतं म्हणून पिशवी काढायची हा शॉर्टकट तोच. एंडोमेट्रिओसिस गर्भाशयाच्या बाहेर असतो. गर्भाशय काढून बाहेरचे डाग तसेच ठेवले तर दुखणं राहू शकतं. गर्भाशयाच्या भिंतीतच आजार असेल, ज्याला ॲडिनोमायोसिस म्हणतात, आणि बाकी उपाय करून झाले असतील, तर पिशवी काढण्याने खरंच सुटका होते. अंडाशयंही काढणार का, हे मात्र वेगळं विचारा. तिशीत-पस्तिशीत दोन्ही अंडाशयं गेली तर हाडं आणि हृदय यांवर परिणाम होतो, आणि पाळी जायच्या नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन घ्यावं लागतं. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय सही करू नका. कुठलंही एंडोमेट्रिओसिसचं ऑपरेशन उद्या सकाळी व्हायलाच हवं इतकं तातडीचं क्वचितच असतं.

मूल आणि पैसा

आजार असलेल्यांपैकी ३० ते ५० टक्के जणींना मूल राहायला अडचण येते. म्हणजे अर्ध्या किंवा त्याहून जास्त जणींना येत नाही. पस्तिशीच्या आत असाल तर वर्षभर आणि पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर तपासणी करायची हा सर्वसाधारण नियम. आजार आधीच माहीत असेल तर तेवढीही वाट पाहू नका, आणि नवऱ्याची वीर्यतपासणी पहिल्याच आठवड्यात करून घ्या. ती सगळ्यात स्वस्त तपासणी आहे आणि आपल्याकडे सगळ्यात शेवटी होते. आयव्हीएफच्या आधी प्रत्येक सिस्ट काढलीच पाहिजे असं नाही.

आरोग्यविमा असेल तर पॉलिसी आताच वाचा. बऱ्याच पॉलिसींमध्ये एंडोमेट्रिओसिसचं नाव ठरावीक प्रतीक्षाकाळाच्या यादीत असतं, बहुधा दोन वर्षं. आधीपासून असलेल्या आजारासाठी २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षांचा प्रतीक्षाकाळ लावता येतो. पॉलिसी घेताना आजार लपवू नका. नंतर जुन्या सोनोग्राफीवरून क्लेम फेटाळला जातो. वंध्यत्वाचे उपचार बहुतेक पॉलिसींमध्ये बसत नाहीत. दुखण्यासाठी ऑपरेशन होणार असताना कागदावर कारण म्हणून केवळ 'वंध्यत्व' लिहिलं गेलं तर क्लेम अडकतो, तेव्हा जे खरं कारण आहे ते पूर्ण लिहिलंय का पाहा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किंवा गोव्यातल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का, हे भरती होण्याआधी विचारा. महाराष्ट्रात योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला ऑपरेशनचं नाव लिहिलेला कागद दाखवा.

रोजचं

गरम पाण्याच्या पिशवीने शेकण्याचा खरंच उपयोग होतो, फक्त कातडी भाजून काळे डाग पडेपर्यंत शेकू नका. ओवा, बाळंतशोपा चालू द्या. बद्धकोष्ठाने दुखणं वाढतं, म्हणून भाकरी, पालेभाज्या, पाणी. यापलीकडे कुठलाही एक आहार हा आजार घालवतो असा भक्कम पुरावा नाही, आणि हजारो रुपयांच्या 'डिटॉक्स' पावडरींना तर नाहीच. आयुर्वेदिक औषध घेत असाल तर स्त्रीरोगतज्ज्ञाला त्याचं नाव सांगा. वर्षानुवर्षं दुखून ओटीपोटाचे खालचे स्नायू आवळलेले राहतात. या स्नायूंचं काम जाणणारी फिजिओथेरपिस्ट मिळाली तर संबंधाच्या वेळचं दुखणंही कमी होऊ शकतं. त्या दुखण्याबद्दल नवऱ्याला तुम्हीच समजावत बसण्यापेक्षा एकदा त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा. डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावर "तुला इच्छाच नसते" हा आरोप बहुधा थांबतो. सततचा थकवा आणि उदासी हाही या आजाराचाच भाग आहे. त्यासाठी मानसोपचाराची मदत घेणं म्हणजे दुखणं मनाचं आहे असं कबूल करणं नव्हे.

काही वेळा वाट पाहायची नाही. एका बाजूला अचानक असह्य कळ आणि उलट्या. सिस्ट असताना ताप. पोट फुगून वारा सरेनासा होणं. पाळीत छातीत दुखून धाप लागणं. पाळी चुकलेली असून पोटात दुखणं, कारण या आजारात नलिकेत गर्भ राहण्याची शक्यता वाढते. यातलं काहीही झालं तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा.

पाळी गेल्यावर बहुतेकींचं दुखणं ओसरतं. पण पाळी गेल्यानंतर नव्याने दुखायला लागलं, रक्त दिसलं किंवा जुनी सिस्ट वाढताना दिसली, तर ते जुन्या आजाराच्या खात्यावर टाकून मोकळं होऊ नका. त्याच आठवड्यात तपासून घ्या.